लाल दोऱ्याचे पिंजरे

ऑटोत शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर स्टीलचा डबा असला, तर आत भाजी-भाकरी आहे असं आपण धरून चालतो. नांदेडमध्ये, निदान जुन्या मोंढ्यापासून आमच्या कॉलेजपर्यंतच्या रस्त्यावर, असं धरून चालण्यात धोका होता. एकदा ऑटो खड्ड्यातून उसळला तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी सभ्यपणे तो डबा सावरून धरला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मॅडम, काय आणलं डब्यात?"

"शेळीचं आतडं," शेटकार मॅडम म्हणाल्या. "जंत बघायला. तुम्हाला बघायचेत का?"

गृहस्थ पुढच्याच चौकात उतरले. त्यांना स्टेशनला जायचं होतं, हे त्यांनी चढताना सांगितलेलं मी ऐकलं होतं.

महानंदा शेटकार आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी वनस्पतिशास्त्र. समोरासमोर दोन प्रयोगशाळा, मध्ये एक बोळ. त्यांच्याकडून फॉर्मालिनचा वास यायचा, माझ्याकडून वाळलेल्या पानांचा, आणि बोळातून जाणारी कॉमर्सची माणसं नाकाला रुमाल लावून जायची. बावीस वर्षं आम्ही अशी समोरासमोर काढली. आता त्यांचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, बाई फार हट्टी होती. दोन, हट्टापायी बाईनं स्वतःचं नुकसान करून घेतलं. दोन्ही खरं आहे. पण ज्या सुरात सांगतात तो सूर मला सहन होत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मॅडम बुटक्या होत्या. केस घट्ट बांधलेले, साडीचा पदर खोचलेला, पायात रबरी चप्पल, आणि गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी. चालायच्या भरभर, आणि चालताना समोरच्यानं बाजूला व्हावं अशी अपेक्षा असायची. कुणी काहीही ठामपणे सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न यायचा: "दिसलं का वाटलं?" पोरगा म्हणाला, मॅडम, पेशी फुगलीय, तर "दिसलं का वाटलं?" प्राचार्य मीटिंगमध्ये म्हणाले, यंदा विद्यार्थ्यांची हजेरी सुधारली आहे, तर मागच्या खुर्चीवरून तेच. प्राचार्यांनी तेव्हापासून मीटिंगमध्ये त्यांच्याकडं बघून बोलणं सोडलं. एकदा मी सहज म्हणालो, आज ऊन जास्त आहे. मॅडमनी खिडकीतल्या थर्मामीटरकडं बोट दाखवलं. अशा माणसाशी मैत्री करणं सोपं नसतं.

त्या मूळच्या लातूर जिल्ह्यातल्या मुरुडच्या. वडिलांचं तिथं भुसाराचं दुकान. घर लिंगायत आणि कडक. अंड्याचं नुसतं नाव निघालं तरी चूळ भरायला लावणारं. अशा घरची मुलगी रोज सकाळी खाटकाकडं जाऊन आतडी आणते, ही बातमी मुरुडला पोचायला किती वेळ लागणार? एकदा त्यांचे चुलते मल्लप्पाकाका नांदेडला आले होते. पुतणीला भेटायला थेट प्रयोगशाळेत शिरले आणि तसेच उलट्या पावली बाहेर आले. आत ट्रेमध्ये हातभर आतडं उभं चिरून पसरलेलं होतं. काका बोळात उभं राहून बोलायला लागले. माझं दार उघडं होतं, त्यामुळं ऐकणं भाग होतं.

"गळ्यात लिंग हाय तुझ्या, अन् हातात हे? ह्याच्यासाठी शिकिवलं व्हय बापानं तुला?"

मॅडम हातमोजे न काढता दारात आल्या. रागावल्या की त्यांची भाषा नांदेड सोडून मुरुडला जायची.

"काका, बसा. पानी घ्या."

"तुझ्या हातचं? न्हाई."

"मग उभ्यानंच ऐका. तुमच्या पोटातबी जंत असतील. ते आत जाताना जात इचारून गेले न्हाईत. अन् गळ्यातल्याची काळजी तुमी करू नका. त्याला रोज सांगूनच मी कामाला लागते."

काका पाणी न पिता गेले. दोन महिन्यांनी त्यांचाच फोन आला. पोट दुखतंय, काय घेऊ म्हणून. मॅडमनी त्यांना डॉक्टरकडं पाठवलं, डॉक्टरांनी जंताची गोळी दिली. मॅडम हसल्या नाहीत. मी मात्र पोट धरून हसलो.

आमच्या भागातल्या प्राणिशास्त्रवाल्यांचा एक जुना रिवाज आहे. शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यातले चपटे, फितीसारखे जंत काढायचे, रंगवून काचेवर चढवायचे, कुठं एखादा अवयव लांब तर कुठं आखूड दाखवायचा, आणि नवीन जात सापडली म्हणून जाहीर करायचं. काहींनी यात खरंच चांगलं काम केलं. पण काहींनी एकेका जंतावर एकेक पीएच.डी. उभी केली. जातीला नाव कधी गावाचं, कधी गाईडचं. एकानं तर गाईडच्या सासऱ्यांचं दिल्याचं ऐकून आहे. पन्नाशीला टेकलेल्या मॅडमनी लातूरच्या एका सरांकडं नाव नोंदवलं, तेव्हा त्यांनाही हाच रस्ता दाखवण्यात आला. मॅडमनी वर्षभर जंत तपासले आणि गाईड सरांना सांगून आल्या, "हा गेल्या वर्षीचाच जंत आहे. याचं बारसं झालंय. पुन्हा नाव ठेवायचं नाही."

त्यांना वेगळाच प्रश्न लागला होता, आणि तो त्यांना दिला होता करीमभाईंनी. करीमभाई म्हणजे ज्यांच्याकडून त्या आतडी आणायच्या ते खाटिक. एका सकाळी त्यांनी दोन आतडी समोर ठेवली आणि म्हणाले, "मॅडमजी, ये देखो. इसमें कीड़े गच भरेले हैं, मगर आंत कैसी साफ है. और इसमें दोइच हैं, और सूज के लाल हुई है. ऐसा क्यों?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. ज्या बाईला दुसऱ्यांचं "वाटलं" चालत नव्हतं, तिला स्वतःचं "माहीत नाही" किती बोचलं असेल. शंभर जंत तिथं शांतता आणि दोन जंत तिथं दंगा, असं का? त्या वाचत सुटल्या. इंग्रजी नियतकालिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे झेरॉक्स करून आणायच्या आणि बोळात मला गाठून वाचून दाखवायच्या. झाडापाल्याच्या माणसाला पांढऱ्या पेशींतलं काय कळणार, पण त्या कळेपर्यंत सोडायच्या नाहीत.

वर्गात त्यांनी ते पोरांना जसं सांगितलं, तसंच इथं सांगतो. "घरात साप निघाला," त्या म्हणायच्या. "गल्लीतली दहा माणसं काठ्या घेऊन आली. साप बिळात. माणसं मात्र थांबेनात. रांजण फोडला, कपाट फोडलं, भिंत खणली. साप जिवंत, घर मोडलं. आतड्यात असंच होतं. जंत शिरला की पांढऱ्या पेशी धावून येतात. सूज येते, रक्त उतरतं. जंत मरतो न मरतो, पण आतडं सोललं जातं. मग त्याच पेशींपैकी काही एक प्रोटीन तयार करतात. ते प्रोटीन जंताला काहीच करत नाही. ते काठीवाल्यांना सांगतं, बास."

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे ते जंताच्या बाजूचं झालं की."

"नाही. ते घराच्या बाजूचं आहे," मॅडम म्हणाल्या.

स्वतः मात्र या बाईनं आयुष्यात कधी "बास" म्हटलं नाही, असं मी त्यांना एकदा ऐकवलं होतं.

तर असा त्यांचा विषय. उंदरांना जंत द्यायचे, निम्म्या उंदरांना ते प्रोटीन टोचायचं, निम्म्यांना नुसतं खारं पाणी, आणि मग आतडी बघायची. परवानग्यांच्या कागदांत एक वर्ष गेलं. प्रोटीनच्या बाटल्या बोटाच्या पेराएवढ्या, आणि सतत गोठवून ठेवायच्या. नांदेडच्या उन्हाळ्यात वीज गेली की मॅडम बर्फाच्या लादीसाठी धावायच्या. दुपारच्या दोन वाजता, डोक्यावर पदर, ऑटोत पायाशी पोत्यात गुंडाळलेला बर्फ. प्रोटीनच्या पिंजऱ्यांना त्यांनी लाल दोरा बांधला, पाण्याच्या पिंजऱ्यांना पांढरा. हा दोरा लक्षात ठेवा.

गाईड सरांनी या विषयाला होकार दिला खरा, पण त्यांची समजूत ठाम होती: हे प्रोटीन जंत मारणार. शरीर एखादी गोष्ट बनवतं ते शत्रूला मारायलाच बनवतं, नाहीतर कशाला? मॅडम लातूरला एस.टी.नं जायच्या, वाद घालायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. "सरांना मारण्याशिवाय दुसरं काही सुचतच नाही," असं दुसऱ्या दिवशी बोळात सांगायच्या.

आणि मग निकाल आला तो सरांच्या बाजूनं. लाल दोऱ्याच्या पिंजऱ्यांतले जंत जवळजवळ संपलेले. पांढऱ्या दोऱ्याच्या पिंजऱ्यांत जसेच्या तसे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इतका सरळ निकाल आमच्या कॉलेजात कुणाला आला नव्हता. गाईड सर स्वतः नांदेडला आले, पेढ्याचा पुडा घेऊन. प्राचार्यांनी मॅडमकडं बघून बोलायला पुन्हा सुरुवात केली. प्रबंध लिहायचा, लातूरच्या चर्चासत्रात निकाल मांडायचा, की झालं. नाव नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणं गाईडच्या मर्जीवर होतं. पण आता वाढवायची गरजच काय होती? मॅडम खूश होत्या का? होत्या. खोटं कशाला सांगू. माझ्या टेबलावरचा पेढा त्यांनीच उचलून मला भरवला. त्यांचं म्हणणं चुकलं होतं आणि तरी त्या खूश होत्या, कारण चुकल्याचं त्यांना दिसलं होतं.

पंधरा दिवसांनी त्या माझ्या प्रयोगशाळेत आल्या. मूठ उघडली. तळहातावर एक दाणा.

"सर, हे काय आहे?"

मिऱ्याएवढा गोल, रंग तांबूस, वर बारीक देठ. मला भिंगही लागलं नाही. आमच्या भागात तान्ह्या पोराला याचं पाणी पाजलं नाही असं घर सापडायचं नाही. "वावडिंग आहे. जंताचं औषध. कुठं मिळालं?"

"लाल दोऱ्याच्या पिंजऱ्यात. भुशात."

बाहेर बोळातून पोरं बोलत गेली. आणि मी जे बोललो ते लिहायला मला आजही जड जातं. मी म्हणालो, "मॅडम, एकच दाणा आहे. उंदरांचा भुसा बाजारातून येतो. कुठूनही आला असेल. तुम्ही बघितला नाही, मी ओळखला नाही. गप्प बसा."

त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मूठ मिटली आणि गेल्या.

प्राणिशास्त्राचे शिपाई मारोतीमामा. भोकरकडच्या एका खेड्यातले, घरची थोडी शेती, कॉलेजात पंचवीस वर्षं झालेली. उंदरांचं खाणंपिणं त्यांच्याकडं. मॅडमवर या माणसाचा इतका जीव की मॅडमचा चहा दुसऱ्या कुणाला आणू देत नसत. मॅडमनी त्यांना बोलावलं, मलाही बोलावलं, आणि दाणा टेबलावर ठेवला. मामांनी क्षणभरही लपवालपवी केली नाही. उलट चेहरा उजळला.

"हाव मॅडम, मीच घातलं. दर आवसेला. वावडिंग कुटून गुळात गोळ्या केल्या."

अमावस्येला पोटातले जंत वळवळतात, पोरं दात खातात, म्हणून औषध त्याच दिवशी द्यायचं, हा आमच्याकडचा जुना समज. मामांनी तो उंदरांनाही लावला होता.

"लाल दोऱ्याच्याच पिंजऱ्यात?" मॅडमनी विचारलं.

"लाल दोऱ्याचे आपले म्हणून. तुमी त्याह्यच्याच पुढं जाऊन बसायच्या. दोन वर्सं जिवाचं रान करून राहिल्या तुमी. मी मनलं, जंत मेले पायजेत एकदाचे, मॅडमचं काम झालं पायजे. पांढऱ्यावाल्यांचं आपल्याला काय?"

लातूरचे पीएच.डी. झालेले गाईड आणि भोकरकडचे मारोतीमामा, दोघांची समजूत शब्दाला शब्द सारखी होती: जंत आहे म्हणजे तो मेलाच पाहिजे. फरक इतकाच की मामांनी तसं करून दाखवलं.

मॅडमनी मामांना काय म्हटलं? मला वाटलं होतं, आता त्या भडकणार. भाषा मुरुडला गेली, पण राग नव्हता. त्या खुर्चीत बसल्या. "चूक माझी हाय मामा. दोरा मी बांधला. कोणता पिंजरा कशाचा, हे ज्याला कळतं त्याचा हात वळतोच. माझाबी वळला असंल." मग मामांना जायला सांगितलं आणि म्हणाल्या, "खरं सांगितलं, बरं केलं." मामांना तोवर काय झालं ते कळलं होतं. दाराशी जाऊन ते लहान पोरासारखे रडले.

लातूरच्या चर्चासत्राला मी मॅडमबरोबर गेलो. कशासाठी गेलो, तर त्या ऐन वेळी गप्प बसतील अशी मला अजूनही आशा होती. सभागृह भरलेलं. गाईड सरांनी प्रस्तावनेतच सांगून टाकलं की मराठवाड्याच्या मातीतून मोठा निकाल आला आहे. मॅडम उभ्या राहिल्या. पहिला तक्ता दाखवला, दुसरा दाखवला. लाल पिंजऱ्यांतले जंत संपल्याचा तिसरा तक्ता आला आणि त्या म्हणाल्या, "हा निकाल खोटा आहे. हे जंत प्रोटीननं मेले नाहीत, वावडिंगानं मेले."

लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद आहे. मॅडमनी सगळं सांगितलं: दोरा, गोळ्या, अमावस्या. मारोतीमामांचं नाव मात्र घेतलं नाही. "माझ्या प्रयोगशाळेत माझ्या चुकीनं" असं म्हणाल्या. हसणं थांबलं. गाईड सर जागेवरून उठले.

"मॅडम, एका दाण्यावरून तुम्ही दोन वर्षं पाण्यात घालताय?"

"पाण्यात गेलेलं काढता येतं सर. खोट्यात गेलेलं निघत न्हाई."

"हे आपण माझ्या खोलीत बोलू शकलो असतो."

"खोलीत तुमी गप्प बसा म्हणला असता. ह्यांनीबी म्हणलं होतं." बोट माझ्याकडं. भर सभागृहात. दोनशे डोळे वळले आणि मी खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकलो. तेव्हा संताप आला होता. आज वाटतं, मला तेवढं मिळायलाच पाहिजे होतं.

सरांनी बाहेर व्हरांड्यात आपली अट सांगितली. जुना निकाल तसाच लिहा, तळटीप टाकायची तर बारीक अक्षरात टाका, मी सही करतो. नाहीतर मुदतवाढीच्या अर्जावर माझी सही मिळणार नाही. आवाज चढवला नाही त्यांनी. मलाही ती अट त्यातल्या त्यात वाजवी वाटली. आपल्याकडं याहून मोठी पापं तळटिपेतसुद्धा येत नाहीत. मॅडमनी विचार करायला वेळ मागितला नाही. म्हणाल्या, "सर, पदवी तुमची आहे, ठेवा. निकाल माझा आहे, तो मी पुन्हा काढते." परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं डोळे पुसले आणि मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाल्या, "हाव, रडून राहिले. तुमचं काय चाललंय?"

पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी दोरा नाही. बाटल्या मी भरल्या, आणि त्यांच्यावर फक्त आकडे घातले. कोणत्या आकड्यात प्रोटीन आणि कोणत्यात पाणी, ते नाणं उडवून मी ठरवलं आणि यादी लाखेनं बंद करून माझ्या वनस्पतींच्या कपाटात कुलपात ठेवली. मॅडमना माहीत नाही, मामांना माहीत नाही. मामांनी स्वतःहून पिंजऱ्यांच्या खोलीत जाणं सोडलं होतं. मॅडमनी त्यांचा हात धरून त्यांना परत आत नेलं. "तुमीच घालायचं खायला. आता तुमाला कळतच न्हाई कोण आपला हाय ते." दिवाळीलासुद्धा दोघं यायचे. मुदत संपल्याचं पत्र मधेच कधीतरी आलं. मॅडमनी ते वाचलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर त्या दिवशीची उंदरांची वजनं लिहिली.

लाख फोडली त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. मॅडमनी प्रत्येक आकड्यापुढं आधीच लिहून ठेवलं होतं: जंत किती, आतड्याला सूज किती, रक्त उतरलं का. त्या आकडा वाचणार आणि मी सांगणार, प्रोटीन का पाणी.

"एक. जंत भरपूर. आतडं साफ."

"प्रोटीन."

"दोन. जंत तेवढेच. सूज, रक्त."

"पाणी."

असं शेवटपर्यंत. एक-दोन पिंजरे फटकून वागले, बाकी सगळे ओळीनं. प्रोटीन मिळालेल्या उंदरांतले जंत तसेच होते, एकही जास्त मेला नव्हता. आणि आतडी करीमभाईंच्या त्या पहिल्या आतड्यासारखी साफ. मॅडमनी यादी माझ्या हातातून घेतली. "परत वाचा," त्या म्हणाल्या. मी परत वाचलं. मग त्यांनी तिसऱ्यांदा मामांना वाचायला लावलं. मामा अक्षर अक्षर लावत वाचत होते आणि ही बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून, एकेका शब्दाला मान हलवत होती. इतकं समाधान मी माझ्या कुठल्याही कामात भोगलेलं नाही, आणि मला त्याचा हेवा वाटला.

या निकालावर मॅडमनी लिहिलेला निबंध दोन ठिकाणांहून परत आला. जंत मेले नाहीत, मग उपयोग काय, असं एकानं लिहिलं होतं. मॅडमनी उलट कळवलं की आतडं वाचलं हे आपल्या नजरेतून सुटलेलं दिसतं. तिसऱ्या ठिकाणी, एका लहानशा नियतकालिकात, तो छापून आला. खाली आभार: करीमभाईंचे, प्रश्न विचारल्याबद्दल, मारोतीमामांचे, खरं सांगितल्याबद्दल. माझं नाव बाटल्या भरणाऱ्यांत. लातूरच्या सरांनी म्हणे तो वाचला आणि कुणाजवळ तरी "काम चांगलं आहे" असं म्हणाले. हे मला कुणीतरी सांगितलं. मी मॅडमना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काय विचारलं असतं, ते तुम्हाला आता कळतं आहे.

मग मॅडम निवृत्त झाल्या. आमच्याकडं निरोप समारंभ म्हणजे हार, शाल, श्रीफळ आणि मंचामागं मोठा फ्लेक्स. फ्लेक्स प्राचार्यांनी स्वतः लक्ष घालून करवला होता. त्यावर मॅडमचा पासपोर्टचा फोटो चौपट मोठा करून, आणि खाली जाड लाल अक्षरांत: डॉ. महानंदा शेटकार यांचा सेवागौरव.

ते 'डॉ.' चुकून पडलं नव्हतं. प्राचार्य मला आधीच म्हणाले होते, "अहो, मिळाल्यातच जमा आहे. कॉलेजलाही बरं दिसतं. बाईंना आनंद होईल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मलाही वाटलं, होईना का. सबंध आयुष्यात एक दिवस ते एक अक्षर त्यांच्या नावाआधी लागलं तर कुणाचं काय बिघडलं? एवढं होऊनही मी सुधारलो नव्हतो.

मॅडम सभागृहात आल्या, फ्लेक्स बघितला, आणि आल्या पावली प्रयोगशाळेत गेल्या. परत आल्या त्या पांढऱ्या कागदाची पट्टी आणि डिंकाची बाटली घेऊन. सभागृह भरत होतं. मुरुडची माणसं आली होती, म्हातारे मल्लप्पाकाका पहिल्या रांगेत. मॅडमनी मंचावर एक प्लॅस्टिकची खुर्ची ओढली, पदर खोचला आणि वर चढल्या. मी धावत गेलो.

"मॅडम, राहू द्या. लोक बघतायत."

"बघू द्या. खुर्ची धरा."

"सगळे तुम्हाला मनापासून मानतात म्हणून लिहिलंय."

"तळटीप घालून मिळत होती ती मी घेतली न्हाई सर. आता फ्लेक्सवर फुकट घेऊ व्हय? धरा नीट, हलवू नका."

मी खुर्ची धरली. त्यांनी त्या 'डॉ.'वर पट्टी चिकटवली, हातानं दाबली, उतरल्या आणि सत्कारमूर्तीच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

भाषणं सुरू झाली. प्राचार्य उठले. कागदावर लिहून आणलेलं वाचत असल्यामुळं, किंवा मुद्दाम, ते तिसऱ्या वाक्यातच "आमच्या डॉक्टर शेटकार मॅडम" असं म्हणाले. टाळ्या पडल्या. त्याच वेळी मंचावरच्या पंख्याच्या वाऱ्यानं फ्लेक्सवरच्या पट्टीचं खालचं टोक सुटलं आणि फडफडायला लागलं. खालून लाल अक्षर दिसायचं, झाकायचं, पुन्हा दिसायचं. समोरच्या लोकांचं लक्ष भाषणावरून उडून तिकडं गेलं.

मॅडम उठल्या. गळ्यात हार, खांद्यावर शाल. प्राचार्य बोलतच होते. त्या त्यांच्या मागून गेल्या, टाचा उंचावून हात वर केला, आणि जेमतेम पोचणारं ते टोक तळहातानं दाबून धरलं. मला वाटलं, चिकटली की येऊन बसतील. पण डिंक सुकला होता, हात काढला की पट्टी सुटणार. तेव्हा त्या तिथंच उभ्या राहिल्या. सगळ्या सभागृहाकडं पाठ, शाल घसरून एका खांद्यावर आलेली, हात वर.

भाषण लांबलं. पहिल्या रांगेतून मल्लप्पाकाका काठी टेकत उठले, मंचाच्या पायऱ्या एकेक करत चढले आणि खाली पडायला आलेली शाल पुतणीच्या खांद्यावर नीट करून तिच्या शेजारी उभे राहिले. मॅडमनी त्यांच्याकडं बघितलं, पण हात काढला नाही.